लक्षण चौथे: खिडकीची ओढ

५ ऑक्टोबर, सोमवार. सकाळ.

भगिनींनो! चाळिशी ओलांडून पन्नाशीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माझ्या भगिनींनो! भर थंडीत तुमच्या अंगात वणवा पेटतो, आणि घरातला एक माणूस विचारत नाही की बाई गं, तुला होतंय तरी काय! तुम्ही घामाने भिजून उठता, आणि तुम्हाला सांगितलं जातं की वयाचं आहे, सहन करा. किती दिवस? किती पिढ्या?

छान जमलं. इथे टाळ्या.

(ही रोजनिशी आहे आणि इथे भगिनी नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण सवय. मोठा वक्ता स्वतःशी बोलतो तेव्हाही सभेतच बोलतो.)

बातमी अशी. महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंचा फोन आला. १ नोव्हेंबरला वार्षिक मेळावा. मुख्य वक्ता मी. विषय मीच सुचवला: पाळी जाताना स्त्रीचं शरीर आणि आपली वनौषधी. अध्यक्षबाई जरा थांबल्या. मग म्हणाल्या, तुम्ही बोलणार यावर? मी म्हणालो, अनुभवातून बोलणार. त्या आणखी थांबल्या. तेव्हा खुलासा केला की अनुभव घरात आहे. आमच्या हिचा.

हिला अजून सांगितलेलं नाही.

६ ऑक्टोबर, मंगळवार.

मांडणीला सुरुवात. कोणत्याही क्रांतीआधी निरीक्षण लागतं. आमची ही गेलं वर्षभर त्या दिवसांतून जाते आहे. लक्षणं शास्त्रशुद्ध टिपली:

एक. अंगाची अचानक काहिली. बसल्या जागी चेहरा लालबुंद.

दोन. झोप नाही.

तीन. चिडचिड. विशेषतः मी एखादा मुद्दा विस्ताराने सांगत असताना.

चार. खिडकीची अनावर ओढ. झोपायच्या खोलीतली खिडकी हिला सारखी उघडी हवी असते. एवढे ग्रंथ चाळले, पण कुठेही हे लक्षण सापडलं नाही. म्हणजे हा माझा मूळ शोध.

खिडकी अर्थातच बंद असते. ती माझ्या बाजूला आहे आणि वारा थेट माझ्या घशावर येतो. घसा माझा एकट्याचा असता तर गोष्ट वेगळी. तो समाजाचा आहे.

संकल्प: एका महिन्यात हिला पूर्ण बरी करणार आणि मंचावर जिवंत पुरावा म्हणून उभी करणार. मार्ग ठरला आहे. शतावरी.

८ ऑक्टोबर, गुरुवार.

जडीबुटीवाल्याकडे गेलो. दुकान म्हणजे एक बोळ, दोन्ही बाजूंना पोती, मध्ये तो. मी शतावरीचा इतिहास सांगायला लागलो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, किती देऊ. मी म्हणालो, ही केवळ मुळी नाही, ही शेकडो मुळ्यांची आई आहे, स्त्रीत्वाची राखणदार आहे. तो म्हणाला, हो साहेब, पण किती देऊ. मागे माणसं थांबली होती.

वाळलेल्या मुळ्या आणल्या. पांढरट, सुरकुतलेल्या. बोटं पाण्यात फार वेळ राहिली की दिसतात तशा.

हिला संकल्प सांगितला. माझी अपेक्षा डोळ्यांत पाणी येण्याची होती. ही म्हणाली, अहो, त्यापेक्षा खिडकी उघडाल का?

लक्षण चौथे. नोंद केली.

९ ऑक्टोबर, शुक्रवार.

पहिला काढा. दूध, पाणी, मुळ्या, मंद आंच. आंच मंदच होती. पण मधल्या वेळात भाषणाचा शेवट सुचला आणि मी बाहेरच्या खोलीत उभा राहून तो मोठ्याने म्हणून पाहिला. दोनदा. दुसऱ्यांदा फारच चांगला झाला.

पातेलं काळं ठिक्कर. घरभर धूर.

ही कामावरून आली. पातेल्याकडे पाहत राहिली. म्हणाली, गेलं बिचारं. मग विचारते, याला काय होत होतं, याचीही काहिली का?

विनोदबुद्धी शाबूत आहे. चांगलं लक्षण.

उद्यापासून काढा बंद, चूर्ण सुरू. मुळ्या मिक्सरमध्ये दळल्या. चाळल्या. मऊ, दुधाळ चूर्ण. हिच्या कामाच्या पावडरीची एक रिकामी बरणी मिळाली, घट्ट झाकणाची. त्यात भरलं. वर चिठ्ठी चिकटवली: अमृत.

१० ऑक्टोबर, शनिवार.

हिने दूध घेतलं! एक चमचा चूर्ण घालून. म्हणाली, चव वाईट नाही. इतिहासाचं पान उलटलं.

जेवताना हिने एक गोष्ट सांगितली, ती भाषणासाठी उत्तम उदाहरण आहे. ही दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या बनवते. गेली पंचवीसएक वर्षं. गुलाबी मेणात एकेक दात बसवायचा, समोर छोटी ज्योत, हातात तापलेली सुरी. केसाएवढं इकडेतिकडे झालं की माणूस घास चावण्याऐवजी जीभ चावतो. तर झोप नसल्यामुळे हिचा हात हलतो. दोन कवळ्या परत आल्या. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या की पुन्हा आली तर दात बसवण्याचं काम दुसरीला देऊ आणि तुम्ही पॉलिशच्या टेबलावर बसा. थोडे दिवस.

ही म्हणाली, थोडे दिवस म्हणजे कायमचेच असतात ते. आणि ताटात बघत राहिली.

मी म्हणालो, काळजी करू नकोस, हा किस्सा मी मध्यंतराआधी घेतो.

११ ऑक्टोबर, रविवार.

ही बाब गुप्त आहे. फक्त इथेच लिहितो. माझे वरचे दात माझे नाहीत. हिच्या हातचे आहेत. सभेनंतर लोक विचारतात, या वयात असे दात? मी नुसता हसतो. हसणं खोटं नसतं. दात असतात.

पण जुनी कवळी हल्ली जोरदार वाक्याच्या शेवटी टकटक वाजते. हिने नवी करायला घेतली आहे. आज स्वयंपाकघरातच ठसा घेतला. ठशाची पावडर घरी आणली होती, अगदी माझ्या चूर्णासारखी दिसते, त्याच जातीच्या बरणीत. हिने पाठमोरं उभं राहून काहीतरी कालवलं, पत्र्याच्या साच्यात भरलं आणि माझ्या तोंडात दाबलं. माझे डोळे मिटलेले होते, मी मनात भाषणाचा दुसरा भाग म्हणत होतो. पुदिन्यासारखा वास. थोड्याच वेळात तोंडात रबर झालं. तोवर बोलायचं नाही, हलायचं नाही.

ही समोरच्या खुर्चीवर बसली. गालावर हात टेकून. ठसा काढल्यावर म्हणाली, वर्षभरात एवढं शांत कधी बसले नव्हते हो.

ठशाच्या त्रासाने हिलाही विसावा मिळतो, हे नवीन कळलं.

१३ ऑक्टोबर, मंगळवार.

मुलीचा फोन. ती दुसऱ्या शहरात असते, तिथून हुकूम सोडते. म्हणाली, बाबा, आईला डॉक्टरकडे नेलंत का? मी वनौषधींची परंपरा सांगायला घेतली. ती म्हणाली, बाबा, मी ऑफिसमध्ये आहे, थोडक्यात. थोडक्यात परंपरा सांगता येत नाही. मग म्हणाली, आईला विचारलंत का तिला काय हवंय? मी म्हणालो, आजाऱ्याला काय हवं ते आजाऱ्याला कळलं असतं तर वैद्य कशाला लागले असते?

फोन कट झाला. नेटवर्क.

१५ ऑक्टोबर, गुरुवार.

ही स्वतःच डॉक्टरकडे जाऊन आली. मला न सांगता. क्षणभर वाईट वाटलं. पण निष्कर्ष आपल्या बाजूचा आहे: डॉक्टरांनी शतावरीला मान्यता दिली!

नेमके शब्द हिने सांगितले ते असे. घ्यायची तर घ्या, फार आशा ठेवू नका, जे घ्याल ते मला कळवत जा, आणि बरणीत काय आहे याची खात्री असू द्या. यात मान्यता स्पष्ट आहे. बाकी रक्तदाब तपासला, त्रास कमी झाला नाही तर गोळ्यांचा विचार करू म्हणाल्या, झोपायची खोली गार ठेवा म्हणाल्या, पांघरूण पातळ घ्या म्हणाल्या. किरकोळ.

खोली गार ठेवा यावर ही बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, हो, हो, तेही करू. हळूहळू.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार.

घशात खवखव. खिडकीच्या फटींतून वारा येतोय हे उघड आहे. वर्तमानपत्राच्या घड्या करून चारही फटी बुजवल्या. अग्रलेखाचं पान वापरलं. ते तसंही वाऱ्यावरच सोडलेलं होतं.

रात्री हिने उठून फ्रीज उघडला आणि तसाच उघडा धरून उभी राहिली. मी पांघरुणातूनच विचारलं, भूक लागली का? ही म्हणाली, नाही, हवा खातेय.

१८ ऑक्टोबर, रविवार.

विजय! विजय! हिला काल सलग झोप लागली. सकाळी चेहरा ताजा, कपाळावर आठी नाही, चहा करताना गुणगुणत होती. आठ दिवसांत शतावरीने जे केलं ते वर्षभरात कुणाला जमलं नव्हतं.

(झोपली होती बाहेरच्या खोलीत, बाल्कनीचं दार उघडं टाकून, दारातच चटईवर. पण जागा कुठली हे गौण आहे. औषध पोटात गेलं की ते कुठे झोपलात हे बघत नाही.)

अध्यक्षबाईंना फोन करून सांगितलं, पुरावा तयार आहे. त्या म्हणाल्या, कसला पुरावा? मी म्हणालो, आमची ही. त्या म्हणाल्या, अहो, पुरावा काय म्हणता बायकोला.

२० ऑक्टोबर, मंगळवार.

चटईमुळे हिची पाठ धरली. पुन्हा खोलीत. पुन्हा काहिली. पुन्हा खिडकी. मला वाटतं मात्रा वाढवली पाहिजे. हिने मात्रा वाढवायला नकार दिला. म्हणाली, दूध घेते मी, तुमच्या समाधानासाठी घेते, पण मी शतावरीने भरलेलं पिंप झाले तरी ती खिडकी आपोआप उघडणार नाही.

भाषा अलंकारिक होत चालली आहे. माझा सहवास.

संकल्प: घरात सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त बोलणार नाही. हिच्या चिडचिडीवर प्रयोग म्हणून.

२१ ऑक्टोबर, बुधवार.

कालचा संकल्प नेमका का करावा लागला हे हिला समजावून सांगितलं. पाऊण तास लागला.

२४ ऑक्टोबर, शनिवार.

भाषणाची कल्पना पूर्ण बदलली. नुसतं बोलणं पुरे नाही, करून दाखवणं हवं! मंचावर चूर्ण कोमट पाण्यात कालवून त्याचं दाट चाटण करायचं आणि भगिनींसमोर मी स्वतः, एक पुरुष, ते तोंडात धरायचं. शब्द नको, कृती! सभागृह हेलावून जाईल.

हिने विचारलं, तुमची पाळी कधी जाणार आहे?

मी म्हणालो, हे प्रतीक आहे.

२७ ऑक्टोबर, मंगळवार.

स्वयंपाकघरातल्या वाफेने बरणीवरची अमृताची चिठ्ठी सुटली आणि ओट्याखाली गेली. वाकायचं होतं, पण कंबर. असो. बरणी ओळखता येते. शेल्फवर दोन आहेत आणि त्यातली एक माझी आहे.

माझी नवी कवळी अजून मेणातच. ही म्हणाली, काल रात्री चार वेळा उठले, आज माझा हात हलत होता, तुमचे पुढचे दात तिरके बसले, पुन्हा करीन. आणि म्हणाली की एका आजोबांची कवळी मात्र आज नीट द्यायचीच आहे, ती परत आली तर संपलं.

मी म्हणालो, माझे तिरके चालतील, टकटक नको. ही हसली नाही. मेण नखाखाली अडकलं होतं, ते काढत बसली.

३० ऑक्टोबर, शुक्रवार.

आजोबांची कवळी गेली. अजून परत आलेली नाही. ही दिवसभर फोनकडे बघत होती.

मी सहानुभूती म्हणून भाषणाची पहिली पंधरा मिनिटं हिच्यासमोर म्हणून दाखवली.

३१ ऑक्टोबर, शनिवार.

उद्या! आज दुपारपासून मौन. कानांत कापूस, गळ्याला मफलर. मोठ्या सभेआधी माझा हा शिरस्ता आहे. शब्द बाहेर जाऊ द्यायचा नाही आणि आत येऊ द्यायचा नाही.

ही संध्याकाळी कामावरून आली ती तणतणतच. थेट माझ्यासमोर उभी. तोंड हलत होतं, हात हलत होते, एकदा दवाखान्याच्या दिशेने, एकदा स्वयंपाकघराकडे. बरणी असा काहीतरी शब्द ओठांवरून वाटला. मी तळहात दाखवला आणि पाटीवर लिहिलं: सभेनंतर. हिने पुन्हा सुरू केलं. मी पाटी पुन्हा दाखवली. तिसऱ्यांदा हिने आकाशाकडे पाहिलं आणि आत गेली.

भावनावेग समजू शकतो. उद्या नवऱ्याचं मोठं भाषण आहे.

शेल्फवर आता एकच बरणी आहे, म्हणजे हिने आपली दवाखान्यात परत नेलेली दिसते. बरं झालं. गोंधळ नको. माझी पिशवीत भरून, पिशवी उशाशी घेऊन झोपतो.

१ नोव्हेंबर, रविवार. उशिरा.

इतिहास लिहिताना वक्त्याने प्रामाणिक राहिलं पाहिजे. म्हणून क्रमाने.

सभागृह खच्चून भरलेलं. नुसत्या बायका. मागे उभं राहायलाही जागा नव्हती. ही पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीत. मी सुरुवात केली, भगिनींनो! घसा असा लागला म्हणता! वणवा आला, पिढ्या आल्या, टाळ्या आल्या. परत आलेल्या कवळ्यांचा किस्सा आला. मग मी म्हणालो, आणि आज ज्या स्त्रीला वर्षभर झोप नव्हती ती या मुळीच्या आशीर्वादाने शांत, तृप्त, निरोगी तुमच्यासमोर बसली आहे! सगळ्यांनी हिच्याकडे पाहिलं. ही जांभई देत होती. ते सांगण्यासारखं नाही, पण प्रामाणिकपणा.

मग प्रयोग. बरणी उघडली. वाटीत भरपूर चूर्ण घेतलं, थर्मासमधलं कोमट पाणी घातलं, चमच्याने घोटायला लागलो. याच वेळी ही जागेवरून दोन्ही हात हलवून मला काहीतरी खुणावू लागली. आधी मान हलवून, मग उभी राहून. मी भारावलो. इतक्या वर्षांत हिने माझ्या एकाही भाषणाला उभं राहून दाद दिली नव्हती. मी हात जोडून हिला खाली बसायची विनंती केली.

चाटण हळूहळू गुलाबी झालं. मी गर्जना केली, पाहा, मुळी जागी होते आहे! पुदिन्यासारखा वास आला. वास ओळखीचा वाटला. ओळखीचा म्हणजे अर्थातच शतावरीचा, असा मी निष्कर्ष काढला आणि मोठा घास तोंडात घेऊन जीभ टाळूला लावली. शब्द नको, कृती.

कृती लगेच सुरू झाली.

पुढचं वाक्य होतं: ही आहे स्त्रीशक्ती! ते निघेना. जीभ निघेना. वरचा जबडा आणि खालचा जबडा यांचं एकमत झालं होतं. मी हातवारे केले. सभेने टाळ्या वाजवल्या. मी जोरात हातवारे केले. आणखी जोरात टाळ्या. एका बाईंचा आवाज आला, बघा, डोळ्यांत पाणी आलंय त्यांच्या!

अध्यक्षबाई घाबरून उठल्या. म्हणाल्या, अहो, यांना काहीतरी होतंय. ही मात्र अगदी सावकाश मंचावर आली. मंचावरच्या तांब्यातलं पाणी हातावर घेतलं, हात धुतले, पदराला पुसले. मग माझी हनुवटी धरली आणि ज्या आवाजात ही दवाखान्यात बोलत असेल त्या आवाजात म्हणाली, मान पुढे, नाकाने श्वास घ्या, गिळू नका, अजून थोडं सेट होऊ द्या. मी थांबलो. सभा थांबली. माझ्या सभेतली ही सर्वांत लांब शांतता. मग हिने एक बोट कडेने आत घातलं, जरा हवा जाऊ दिली आणि खटकन ओढलं.

सगळं एका तुकड्यात बाहेर आलं. गुलाबी, गुळगुळीत. आणि त्यात रुतून आलेले माझे वरचे दात.

मागून कुणीतरी म्हणालं, अगं बाई, दातसुद्धा आले! त्यानंतर जे हसू फुटलं ते मी माझ्या कुठल्याही विनोदाला ऐकलेलं नाही. हिने तुकडा उजेडात धरून नीट पाहिला आणि म्हणाली, ठसा मात्र सुरेख आलाय.

मी माइक घेतला. वरच्या दातांशिवाय भगिनींनो हा शब्द कसा येतो ते आज कळलं. माइक हिला दिला.

ही म्हणाली, तुम्हाला वाटेल यांना गप्प करायला मी हे केलं. देवाशपथ नाही. यांची शतावरीची बरणी माझ्याकडून चुकून दवाखान्यात गेली आणि ठशाची पावडर यांच्याकडे राहिली. काल एका पेशंटबाईंच्या तोंडात आम्ही मुळीचं चूर्ण भरलं आणि घट्ट होईना म्हणून वाट बघत बसलो. त्या म्हणाल्या, चव बरी आहे, अजून आहे का? तेच सांगायला मी घरी आले, तर यांच्या कानांत कापूस आणि बरणी यांच्या उशाशी!

मग हिने माइक दुसऱ्या हातात घेतला. म्हणाली, मुळीला मी नावं ठेवत नाही. दूध मी प्यायले, त्यात माया होती. पण बायांनो, मी वर्षभर या माणसाकडे एकच गोष्ट मागतेय. खिडकी उघडा. माझं अंग जळतं, झोप होत नाही, माझा हात हलतो, आणि हात हलला तर माझं पंचवीस वर्षांचं काम जातं. यांनी ग्रंथ वाचले, मुळ्या दळल्या, मंचावर रबर खाल्लं. खिडकी नाही उघडली.

मग तिसऱ्या रांगेतून आवाज आला, आमच्याकडे पंखा! लावला की हे बंद करतात! दुसरी म्हणाली, आमच्याकडे जाड रजई, एकच, दोघांत! तिसरी म्हणाली, माझी सासू म्हणते तुला नखरे सुचतात! आणि मग सगळ्याच बोलायला लागल्या. हिने डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं, एका निवृत्त नर्सबाईंनी त्यात भर घातली, एकीने पातळ सुती चादर कुठे मिळते ते सांगितलं. मेळावा सभागृहाचे दिवे घालवायची वेळ झाली तरी संपेना.

मी विंगेत खुर्चीवर बसून होतो. हातात वाटी. कुणी मला काही विचारलं नाही. जाताना फक्त अध्यक्षबाई म्हणाल्या, फार छान कार्यक्रम झाला हो. पुढच्या वर्षी यांनाच बोलवू. यांनाच म्हणजे हिला.

घरी आलो. ही कपडे न बदलताच पलंगावर आडवी झाली. थोड्या वेळाने पदराने वारा घ्यायला लागली. झोपेतच. काही मागितलं नाही.

मी उठलो. अग्रलेख फटींतून काढले. कडी गंजली होती, ती हाताने हलेना, मग चमच्याने उचकटली. तोच चमचा.

२ नोव्हेंबर, सोमवार. सकाळ.

दोन कानटोप्या एकावर एक, मफलर, स्वेटर, पायमोजे घालून झोपलो. नाक गार पडलं होतं. घसा मात्र, आश्चर्य आहे, ठणठणीत. बहुधा रबराचा गुण.

हिला जाग आली तेव्हा उन्हं पलंगावर आली होती. घाईने उठली, घड्याळ पाहिलं, मग खिडकी पाहिली. मग मला पाहिलं, टोप्यांसकट. माझ्या वरच्या टोपीचा गोंडा सरळ केला आणि कामाला गेली.

दुपारी मुलीचा फोन. एवढं हसली की दोनदा फोन ठेवून पुन्हा केला. म्हणाली, बाबा, तुमचं आजवरचं सर्वांत चांगलं भाषण. मी काही बोललो नाही. बोलता येत नव्हतं, जुनी कवळी काल ओढताना तडकली.

६ नोव्हेंबर, शुक्रवार.

आजोबांची कवळी परत आली नाही. आजोबाच आले, आणि डॉक्टरीणबाईंसमोर पेरू फोडून खाऊन दाखवला. डॉक्टरीणबाईंनी हिच्यापुढे दातांचा नवा साचा ठेवला आणि म्हणाल्या, बसवा. पॉलिशचं नाव काढलं नाही. हिने संध्याकाळी हे सांगताना माझ्या चहात साखर दोनदा घातली. गोड लागला.

माझी कवळी कुठवर आली असं मी लिहून विचारलं. ही म्हणाली, पुढच्या दातांचं मेण घाईत लावायचं नसतं. म्हणाली, आधी पेशंट, मग घरचे. म्हणाली, कशाला घाई, किती छान चाललंय.

खिडकी पाच रात्री उघडी आहे. काहिली होतेच, पण ही उठून बसत नाही, कूस बदलते आणि झोपते. पुढच्या आठवड्यात पुन्हा डॉक्टरकडे जायचं आहे, मीही सोबत जाणार आहे, गप्प बसायच्या अटीवर. शतावरीचं दूध हिने बंद केलं. दवाखान्यातून परत आलेलं उरलेलं चूर्ण मीच घेतो. चव वाईट नाही.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवतो, कारण पुढे लोक श्रेय वाटायला बसतील. खिडकीचा शोध माझा आहे. ६ ऑक्टोबरची नोंद पाहावी, लक्षण चौथे. अर्थ लावण्यात थोडा उशीर झाला, एवढंच. मोठ्या शोधांत होतो.

नवी कवळी आली की नवं भाषण. या वेळी भगिनींसाठी नाही. पूर्ण मसुदा तयार आहे, आणि माझ्या हयातीतला सर्वांत छोटा आहे:

नवरे हो! ग्रंथ मिटा, कानातला कापूस काढा, मफलर गुंडाळा, आणि आज रात्री झोपण्याआधी उठून तुमच्या बाजूची खिडकी उघडा.